वास सांगणारी बाई

माझं नाक तिखट आहे हे मला लहानपणी कळलं नाही. पांडेसऱ्यात नोकरीला लागल्यावर कळलं. कापड रंगवण्याच्या कारखान्यात, म्हणजे आमच्याकडे ज्याला प्रोसेस हाऊस म्हणतात तिथे, मी लॅब सांभाळते. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी रंग जुळवायचा, किती मात्रा लागेल ते काढायचं आणि खाली शेडमध्ये कळवायचं, हे माझं काम. तिथे वाफ, अ‍ॅसिड आणि ओलं पॉलिस्टर यांचा वास इतका दाट असतो की नवीन माणसाला पहिल्या दिवशी डबा जात नाही. आठवड्याभरात त्याला वास यायचा थांबतो. मला वीस वर्षांत थांबलेला नाही.

एकदा अ‍ॅसिडचा नवा ड्रम उघडला तेव्हा मी दारातूनच म्हणाले की हा वापरू नका. मशीनमध्ये कापड भरून तयार होतं, डाईंग मास्तर माझ्यावर वैतागले. तपासलं तर लेबल एका रसायनाचं आणि आत भलतंच. दुसऱ्या दिवशी शेठनी मला वर बोलावलं.

शेठ सत्तरीच्या पुढचे. पांढरा बुशशर्ट, पायात साध्या चपला, आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप पुढे वाकावं लागायचं. आमचं बोलणं गुजरातीत व्हायचं, मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. वासावरून नेहमीच सांगता येतं का, एवढंच विचारलं. मी म्हणाले, बहुतेक वेळा येतं. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं की साथीच्या दुसऱ्या लाटेत घरात ताप आला आणि आपलं नाक गेलं. त्या दिवसांत कितीतरी लोकांचं गेलं होतं. बहुतेकांचं परत आलं, त्यांचं आलं नाही.

मग ते वाइनवर आले. आमच्या राज्यात दारूबंदी आहे, पण डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर त्यांच्याकडे पुष्कळ वर्षांपासून दारूचा परवाना होता. महिन्याला जेवढं मिळतं तेवढं घ्यायचे, पण घ्यायचे ते भारीतलं. घरी एक कपाट होतं, स्वतःचा गारवा असलेलं, त्यात बाटल्या आडव्या निजवून ठेवलेल्या. आता त्यातली कुठलीही उघडली तरी त्यांना जिभेवर आंबट पाणी लागायचं, बस.

"प्रत्येक बाटलीला वाटायचं, पैसे सार्थकी लागले," ते म्हणाले. "आता वाटतं, मी फसत होतो की काय. तुम्ही वास घ्या आणि सांगा. प्यायचं नाही. परवाना माझा आहे, तुमचा नाही."

घरी आईला सांगितलं. आम्ही दोघीच राहतो, गोडादऱ्यात. माझं लग्न टिकलं नाही तेव्हापासून मी तिच्याजवळ आहे. आई घरात अहिराणीच बोलते. ती म्हणाली, "तुले काय करनं शे पराया घरना वास लिसन?" परक्याच्या घरचा वास घेऊन तुला काय करायचंय. पण मला जायचं होतं. माझ्या नाकाला आजवर कुणी चांगलं काही विचारलं नव्हतं, सगळे फक्त काय बिघडलंय तेवढंच विचारायचे.

रविवारी दुपारी तीन वाजता मी गेले. बंगला अठवालाइन्सकडे, नदीच्या अंगाला. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत जेवणाच्या खोलीत जाड पडदे ओढलेले, एसी मंद चालू. मोठं टेबल होतं. शेठ टोकाला बसले, मला उजवीकडची खुर्ची दिली. डावीकडची खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची सून वालपापडी सोलत बसली होती. तिला मी भाभी म्हणायचे. तिचा नवरा कामानिमित्त जास्त करून परदेशी असायचा. मी तिथे असेपर्यंत भाभी तिथून उठायची नाही, हे तिचं तिनंच ठरवलेलं होतं, आणि मला त्याचं बरं वाटलं.

शेठनी बूच काढलं, दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली, एक माझ्याकडे सरकवला. मी नाक खाली नेलं. वाइनबद्दल बोलायचे जे शब्द असतात ते मला येत नव्हते. मला जे आठवलं ते मी बोलले.

जांभूळ, मी म्हणाले. झाडावरचं नाही, दोन दिवस पोत्यात राहिलेलं. मग गरम इस्त्री. आणि अगदी शेवटी, लांबून, लूमचं तेल, मागावरून आल्यावर माझ्या वडिलांच्या शर्टाला यायचं तसं.

शेठनी डोळे मिटले. परत सांगा, म्हणाले, हळू. मी पुन्हा सांगितलं, आणि मी एकेक शब्द बोलले तसा त्यांनी एकेक घोट घेतला. त्यांचा गळा वरखाली होताना मला दिसत होता. आपण कुणाला तरी हाताने भरवतो आहोत असं वाटलं. वास माझा, घोट त्यांचा. आम्ही दोघं मिळून एक पिणारा माणूस झालो होतो. मला ते आवडलं आणि जरा कसंतरीही झालं.

असे चारपाच रविवार गेले. मी वास सांगायचे, ते प्यायचे, आणि मग किंमत सांगून विचारायचे, इतकी लायकी आहे का? मी माझी एक रीत बसवली. पहिला वास घ्यायचा, ग्लासवर तळहात ठेवून पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा घ्यायचा. दुसऱ्यांदा वाइन काही नवीन बोलली तर पैसे कारणी लागले. तेच तेच बोलली तर तिचं नुसतं नाव मोठं. कापडात मी हेच बघत आले आहे. आमच्या दारातून जे कापड बाहेर पडतं तेच दुकानात काचेमागे गेलं की कितीतरी पटीने विकतं. वरचे पैसे दिव्यांचे आणि गारव्याचे असतात.

एका फ्रेंच बाटलीची किंमत माझ्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी होती. पहिली पाच मिनिटं तिने मला अक्षरशः गप्प केलं. गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या, देवघरातली भिंत, आणि त्याच्या मागे पिकलेल्या अंजिरासारखं काहीतरी. मग ती विझली. पंधरा मिनिटांनी तासलेल्या पेन्सिलीचा वास उरला. सुंदर आहे, पण इतकी नाही, असं मी म्हणाले. त्याच दिवशी नाशिककडची एक साधी बाटली उघडली, कुणीतरी भेट दिलेली. ती अर्धा तास बदलत राहिली. पेरू, मग कोरं मडकं, मग मेथी निवडल्यावर बोटांना येतो तो वास, आणि शेवटी मळीचा. थंडीत चलथाणच्या बाजूने, साखर कारखाना चालू असताना, वाऱ्यावर येतो तसा. मी म्हणाले, ही त्या फ्रेंच बाटलीपेक्षा भारी आहे.

शेठना लागलं ते. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "इतकी आणि इतकी नाही, हे कोण ठरवणार?"

"तुम्हीच," मी म्हणाले. "मी नुसता वास सांगते."

तरी मला रविवारची ओढ लागली, हे खोटं कशाला सांगू. एका वासापाशी तासभर बसून राहायचं आणि दुसरं काहीच करायचं नाही, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आठवडाभर बसमध्ये, भाजीबाजारात, लॅबमध्ये मला एकाच्या जागी तीनतीन वास वेगळे कळायला लागले.

सहाव्या रविवारी ते झालं.

बाटली मध्यम किमतीची होती. मी वास घेतला आणि सवयीने बोलायला लागले. चेरी. चामडं. ओले केस. रिठ्याने धुतलेले, अजून वाळायचे आहेत. आणि लवंग, दाताखाली धरलेली.

बोलून झाल्यावर मला जाणवलं की शेठनी घोट घेतलेला नाही. दाराशी पापडी सोलण्याचा आवाजही थांबला होता.

"कुठे?" शेठनी विचारलं.

ग्लासात, मी म्हणाले. पण पुन्हा नाक नेलं तर चेरी होती, चामडं होतं, केस नव्हते. मी लॅबमध्ये काम करणारी बाई. जे दुसऱ्यांदा होत नाही ते आम्ही धरत नाही. शेठची परवानगी घेऊन मी चार सारखे ग्लास मागितले, एकाच फडक्याने पुसले, एकाच बाटलीतून सारखी वाइन ओतली आणि टेबलाच्या चार बाजूंना ठेवले. मग उठून एकेकाचा वास घेतला. तिघांत नुसती वाइन. चौथा डावीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर होता. त्यात ओले केस आणि लवंग.

ग्लासांची अदलाबदल केली. ग्लास बदलला, तरी वास त्याच जागी राहिला. मग भाभीकडून पाणी मागून घेतलं आणि स्वच्छ ग्लासात भरून त्या खुर्चीसमोर ठेवलं. वाकून पाहिलं. साध्या पाण्याला धुतलेल्या केसांचा वास येत होता.

मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, शेठ, हा वास वाइनचा नाही, त्या जागेचा आहे. आवाज लॅबमध्ये रंग जुळल्याचं सांगताना असतो तसाच निघाला. शेठनीही तशीच मान हलवली.

"तिथे ती बसायची," ते म्हणाले.

त्यांची बायको साथीत गेली हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. त्यांनी तो डावीकडचा ग्लास आपल्याकडे ओढला आणि सावकाश संपवला. मला तेव्हा भीती वाटली नाही. भीती उधना दरवाज्याच्या पुढे बसमध्ये वाटली, जीभ दाढेला लागली आणि तोंडात लवंगेची चव आली तेव्हा. मी त्या दिवशी लवंग खाल्ली नव्हती.

पुढच्या रविवारी जाऊ नये असं वाटत होतं. गेले. त्या दिवशीची बाटली पहिल्या वासाला बंदच होती, काही बोलेना. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "आ रिसायेलो छे, थोडी वार बेसवा दो." हा रुसलाय, जरा वेळ बसू द्या त्याला.

दाराशी भाभीच्या हातातलं ताट खाली पडलं. पापडी सगळीकडे पसरली. शेठ माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी नजर खाली घेतली. मला वाटलं माझ्या गुजरातीत काहीतरी चुकलं.

निघताना भाभी फाटकापर्यंत आली. एरवी यायची नाही. तिने आधी मागे वळून बघितलं.

"हे मम्मी म्हणायच्या," ती सासूबाईंबद्दल म्हणाली. "बाटलीला. अगदी तसंच. आवाजसुद्धा."

मी म्हणाले, साधे शब्द आहेत, कुणीही म्हणेल. तिने नाही म्हणून मान हलवली आणि मग जे सांगितलं ते मी फाटकाच्या गरम लोखंडाला हात लावून ऐकलं. सासूबाई थेंबभर पीत नसत. पण प्रत्येक बाटली आधी त्यांच्यासमोर जायची. त्या डावीकडच्या खुर्चीत बसून वास घ्यायच्या आणि शेठना हळूच सांगायच्या, आणि मग शेठ प्यायचे. पाहुणे आले की शेठ तेच आपलं म्हणून सांगायचे. सगळे त्यांच्या नाकाची तारीफ करायचे.

"आणि पप्पांना ताप आलाच नव्हता," भाभी म्हणाली. "ताप मम्मींना आला होता. पप्पांना लहानपणापासून वास येत नाही."

मी म्हणाले, ते तर म्हणाले की नाक साथीत गेलं.

"हो. ते तसंच म्हणतात."

ती परत जायला वळली आणि थांबली. आणखी एक गोष्ट सांगायची होती तिला. मम्मींनी महागड्या बाटलीला कधी वाईट म्हटलं नाही. आधी पप्पांचा चेहरा बघायच्या आणि मग सांगायच्या.

त्या आठवड्यात माझं लॅबमध्ये दोनदा चुकलं. एक फिकट मोरपंखी तीन वेळा करूनही जुळेना. घरी आई माझ्याकडे बघत राहायची. आमच्याकडे ती कामाचं बोलणं भांडी घासताना काढते, म्हणजे एकमेकींकडे बघावं लागत नाही. शनिवारी संध्याकाळी तिने विचारलं की मी चहात लवंग कधीपासून टाकायला लागले. मी म्हणाले, मी नाही टाकत. तिने गाळणं माझ्यापुढे धरलं. त्यात पत्तीबरोबर दोन लवंगा होत्या. चहा मीच केला होता.

मग ती हात धुऊन माझ्याजवळ आली, माझ्या मानेपाशी नाक नेलं आणि म्हणाली, "तुना आंगले पराई बाईना वास येस."

तुझ्या अंगाला परक्या बाईचा वास येतो. आई रागावली नव्हती. एखादीला ताप आहे हे कपाळाला हात लावून सांगावं तसं तिने सांगितलं. मी म्हणाले, उद्या शेवटचं जाते. शेठनी उद्याची बाटली आधीच ठरवली होती. कपाटातली सगळ्यांत महागडी, साथीच्या आधी घेतलेली. बायको म्हणाली होती, ही इतक्यात नको, थांबू या. म्हणून ते थांबले होते.

रविवारी शेठनी इस्त्रीचा कोट घातला होता, एवढ्या उन्हाळ्यात. टेबलावर तीन ग्लास होते. तिसरा कोणासाठी ते मी विचारलं नाही. बूच निघताना त्याचा भुगा झाला, आणि शेठ तो चमच्याने काढत असतानाच मला वास आला. पावसाळ्यात गोदामात भिजलेल्या खोक्यांचा. बुचाला बुरशी धरली की बाटलीतली वाइन मरते. किंमत कितीही असो, तिला मग ओल्या पुठ्ठ्याखेरीज कसलाच वास उरत नाही. ही मेलेली होती.

शेठनी पहिल्यांदा डावीकडच्या ग्लासात ओतली, मग माझ्या, मग स्वतःच्या. मी माझा ग्लास उचलला. आणि वाकले तेव्हा तो दुसरा वास माझ्या डाव्या खांद्याशी आला. समोरच्या खुर्चीत नव्हता तो आता, टेबलाला वळसा घालून इकडे आला होता. केस वाळलेले होते. लवंग होती. आणि ऊब, माझ्याच ग्लासात बघायला कुणी माझ्याबरोबर वाकलं आहे अशी.

"सांगा," शेठ म्हणाले.

माझ्या घशात एक वाक्य तयार होतं. गुजरातीत, पूर्ण, गोड. खूप सरस आहे, थांबलो ते बरं केलं. ते मी जुळवलेलं नव्हतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं, ते आपोआप बाहेर पडलं असतं. शेठचा चेहरा समोर होता आणि मला कळत होतं की हे वाक्य त्या चेहऱ्यासाठी आहे, असल्या चेहऱ्यासाठी ते याआधी कितीतरी वेळा बोललं गेलं आहे. मी ओठ घट्ट मिटून घेतले. नखं तळहातात रुतवली. आईचं ते वाकून माझा वास घेणं आठवलं. आणि मी मराठीत बोलले. शेठशी मी त्याआधी कधी मराठीत बोलले नव्हते.

"शेठ, ही खराब झाली आहे. बुचानं घालवली. हिची काहीच किंमत नाही."

इतकी वर्षं आमच्या मराठी लोकांबरोबर काढलेल्या माणसाला एवढं मराठी कळतं. त्यांनी ग्लास जरा तिरका केला. पूर्ण खराब का, असं विचारलं. मी म्हणाले, पूर्ण.

"आणि ती?" त्यांनी खुर्चीकडे बघत विचारलं.

वास माझ्या खांद्यापाशी होता. इतका जवळ होता की श्वास घेतला की आधी तोच आत यायचा.

"तिथे कोणी नाही," मी म्हणाले.

वाइनचं मी खरं सांगितलं आणि बाईचं खोटं. उलट केलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं. पण मग मी त्या टेबलावरून कधीच उठले नसते, हे मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं. शेठनी दर रविवारी एक बाटली उघडली असती आणि मी वास सांगत राहिले असते, आणि हळूहळू सांगणारी मी राहिले नसते.

शेठनी खुर्चीवरची नजर काढली. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत एकही बाटली खराब निघाली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं." ते रागाने म्हणाले नाहीत. म्हणताना त्यांच्या तोंडावर थोडं हसू होतं, आणि त्या हसण्याने मला रडू येईल असं वाटलं. त्यांनी आपला ग्लास उचलला आणि ती मेलेली वाइन तळापर्यंत प्यायली. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मला सगळी सारखीच लागते, म्हणाले.

मी उठले. माझी एकच भीती होती, की तो वास माझ्याबरोबर दाराबाहेर येईल. नाही आला. फाटकाबाहेर भाजीचा टेम्पो उभा होता, त्याच्यात मेथी होती, मेथीचाच वास आला. घरी आल्यावर आईने मला जवळ ओढलं, वास घेतला आणि भाकरी टाकायला बसली.

शेठनी मला परत बोलावलं नाही. कारखान्यात दिसले की मान हलवायचे. परवान्याची मुदत संपली तेव्हा त्यांनी तो वाढवून घेतला नाही, असं भाभीकडून कळलं. लॅबमधल्या मुलींना कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं, त्या मला चिडवत विचारायच्या की महागडी वाइन खरंच तेवढी भारी असते का. मी म्हणायचे, काही असतात. त्या फ्रेंच बाटलीची पहिली पाच मिनिटं मला अजून आठवतात. ती मला कुणी फुकट दाखवली होती म्हणून मी तिला इतकी नाही असं म्हणू शकले. ज्याने पैसे मोजले त्याला तसं म्हणणं जमत नाही, आणि जिची त्याच्यावर माया आहे तिलाही जमत नाही.

तीनेक महिन्यांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाभीचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर ती म्हणाली, त्या दिवशी तुम्ही पप्पांना सांगितलंत की तिथे कोणी नाही, ते खरं होतं का? मला दुसऱ्यांदा खोटं बोलवलं नाही. नव्हतं, मी म्हणाले. पलीकडे तिने मोठा श्वास सोडलेला ऐकू आला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं फिरलंय."

तेव्हापासून कधीतरी रविवारी मी तिच्याकडे चहाला जाते. आईला सांगून जाते आणि आल्यावर ती माझा वास घेते. शेठ दुपारचे वर निजलेले असतात. भाभी आणि मी टेबलाच्या उजव्या बाजूला बसतो. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला विचारलं की मला शेवटपर्यंत तोच वास यायचा का. मी सांगितलं, हो, धुतलेले केस आणि लवंग. ती म्हणाली, मला नाही तसा येत. मला बामचा येतो, आणि उकळलेल्या दुधाचा. शेवटचे दहा दिवस तिने सासूबाईंना दूध पाजलं होतं, पाठीला बाम चोळला होता. रिठ्याने केस धुणाऱ्या, लवंग चघळणाऱ्या सासूबाई तिने कधी पाहिल्याच नव्हत्या. तिचं लग्न व्हायच्या आधीच त्यांनी रिठा आणि लवंग दोन्ही सोडलं होतं.

आम्ही दोघी त्या खुर्चीकडे बघत राहिलो. मम्मींशी माझं फारसं पटायचं नाही, भाभी म्हणाली, पण दुपारी घर खायला उठायचं, ते आता उठत नाही. मग तिने गॅसवर दूध चढवलं.

गेल्या रविवारी आम्ही बोलत असताना शेठ खाली आले. जिन्यावर थांबत थांबत, कठड्याला धरून. आता पुष्कळ थकले आहेत. कोण आलंय, विचारलं. लॅबवाल्या बेन, भाभी म्हणाली. ते टेबलापाशी आले, आणि आपल्या टोकाच्या खुर्चीत न बसता डावीकडची खुर्ची ओढून तीत बसले. भाभीने माझा हात धरला. मला वास येत होता. ते बसले तसा तो जरा मागे गेला, बाकावर कुणाला जागा द्यायला कुणी सरकून बसावं तसा, आणि तिथेच थांबला.

शेठना काहीच कळलं नाही. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, फुंकर मारली आणि मला विचारलं की गोडादऱ्यात यंदा पाणी वेळेवर येतं का. मी म्हणाले, सकाळी एक तास येतं.